मूठ तुझी, चिमूट माझी

मी एक जुना काटा आहे. मित्रांनो, दचकू नका. पायात रुततो तो काटा वेगळा, घड्याळात फिरतो तो वेगळा, आणि भीतीने अंगावर उभा राहतो तो तर कुणालाच नको असतो. मी वजनकाटा आहे. गोल पांढरी तबकडी, तिच्यावर पाच-पाच ग्रॅमच्या बारीक रेघा, मधोमध एक काळी सुई आणि डोक्यावर पितळी ताटली, असा माझा थाट. दोन किलोपर्यंत काहीही ठेवा, खरे काय ते मी सांगतो. कुणाला बरे वाटावे म्हणून एक रेघही मी कधी इकडची तिकडे केली नाही. 'काटेकोर' हा शब्द कानावर पडला, की कुणीतरी आपलेच नाव घेतले असे मला वाटते. आहे मला थोडा गर्व, नाही म्हणत नाही. तो कशाचा आहे ते ऐकाल, तर हसणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग बसवली, अंगाला रंग दिला, आणि मला जाड भिंगाच्या चष्म्यातून बघणाऱ्या एका तपासनिसापुढे ठेवले. त्याने माझ्यावर एकामागून एक वजने चढवली. माझी सुई दरवेळी नेमक्या रेघेवर थांबली. मला वाटले, झाले, आता शिक्का मारेल. पण तो शिक्का हातात धरून थांबला. सगळी वजने उचलून त्याने पुन्हा तबकडीकडे पाहिले. माझी सुई शून्यावर परतली होती.

"वर कुणीही चढतो," तो शेजारच्याला म्हणाला, "परत शून्यावर आला तर काटा." आणि मग शिक्का मारला. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

खोक्यात बसून प्रवास करताना मी मनात मांडे खात होतो. एखाद्या मिठाईच्या दुकानात जाऊ, दिवसभर बर्फी तोलू, मुले माझ्याकडे डोळे लावून बसतील! खोके उघडले तेव्हा नाकात औषधांचा वास गेला. मी एका रुग्णालयात आलो होतो.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला मोठे स्वयंपाकघर होते आणि त्याला चिकटून एक लहानशी खोली होती. तिला सगळे 'पथ्याची खोली' म्हणत. एक ओटा, दोन शेगड्या, भिंतीवर फळा, फडताळात डबे, आणि जेवणाच्या दालनाकडे उघडणारी एक खिडकी. जे रुग्ण चालू-फिरू शकत ते त्या खिडकीतून आपले ताट नेत, बाकीच्यांची ताटे गाडीवरून जात. त्या खिडकीशेजारी ओट्यावर माझी जागा ठरली, आणि पुढची चोवीस वर्षे मी तिथून हललो नाही.

त्या खोलीची मालकीण म्हणजे आमच्या आहारतज्ज्ञ बाई. त्यांना डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे 'पथ्यबाई' म्हणत. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, पायात न वाजणाऱ्या चपला आणि तोंडात कायम आकडे. प्रत्येक रुग्णाचे ताट वेगळे असते हे मी त्यांच्याकडून शिकलो. मधुमेहाच्या आजोबांचा भात मी तोलायचो, आणि तो एकदम न देता दिवसभरात वाटून जायचा. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला आधी पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचे. हृदयरोग्याच्या ताटात मीठ आणि तेल हात आखडूनच पडायचे. एकदा भाजलेल्या एक ताई आल्या होत्या. त्यांना मात्र अंडी, दूध, डाळ सगळे दुप्पट. जखमा भरून यायच्या तर शरीराला माल हवा ना? पथ्य म्हणजे नुसते 'हे नको, ते नको' असे ज्यांना वाटते, त्यांना मी त्या ताईंचे ताट दाखवले असते.

सगळ्यांत कडक पथ्य मूत्रपिंडाच्या रुग्णांचे. त्यांना पाणीसुद्धा मोजून मिळे. बटाटे-गाजरे बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी चक्क ओतून द्यायचे. मी नवा होतो तेव्हा मला ही उधळपट्टी वाटे. मग पथ्यबाईंनी एका रुग्णाच्या बायकोला समजावले ते मी ऐकले. "भाज्यांत पोटॅशियम असतं. आपलं मूत्रपिंड जास्तीचं बाहेर टाकतं. यांचं थकलंय, ते टाकू शकत नाही. मग ते रक्तात साठतं, आणि फार साठलं तर हृदयाचा ठोकाच चुकतो." त्या दिवसापासून त्या ओतलेल्या पाण्याबद्दल माझी तक्रार राहिली नाही.

आता मामांविषयी सांगतो. मामा आमचे आचारी. कुणाचे मामा ते ठाऊक नाही, पण सगळ्यांचे मामाच. मोठ्या स्वयंपाकघरात पन्नास माणसांचा स्वयंपाक नुसत्या अंदाजाने करणारा हा माणूस. त्याला पथ्याच्या खोलीत आणून माझ्यासमोर उभे केले, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे डबडं मला शिकवणार?" मामा म्हणाले. "माझा हात हाच काटा आहे."

"मग होऊन जाऊ दे," पथ्यबाई म्हणाल्या. "मूठभर तांदूळ घ्या आणि किती ते सांगा."

मामांनी मूठ भरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "साठ." मूठ माझ्यावर रिकामी झाली. मी पंचाहत्तर दाखवले. मामांनी मला एक टपली मारली. मीही काही कमी नव्हतो, सुई हलवून पुन्हा पंचाहत्तरवरच आणली.

ती टपली आमच्या दोस्तीची सुरुवात ठरली. रोज सकाळी मामा माझ्याशी पैज लावत. सहा महिन्यांत त्यांची मूठ माझ्या एका रेघेच्या आत येऊ लागली. मला आतून फार बरे वाटे. गुरूला शिष्य बरोबरीला आल्यावर वाटते तसे. फक्त एका बाबतीत मामा मला मोजत नसत. मीठ, मिरपूड, जिरे यांची चिमूट ते माझ्यावर टाकून दाखवत आणि मिशीत हसत. माझी सर्वांत लहान रेघ पाच ग्रॅमची. चिमूट टाकली काय, न टाकली काय, माझी सुई ढिम्म.

"बघ बाबा," मामा म्हणायचे, "मूठ तुझी, चिमूट माझी."

मित्रांनो, ही वाटणी मला मान्य होती. चिमटीएवढ्या गोष्टीत काय मोठेसे, असेच मला वाटे.

माझ्या वाट्याला आणखी एक काम होते, आणि त्याची मला लाज वाटायची. उष्टे तोलायचे. पथ्यबाईंची रीत अशी होती, की ताट परत आले की उरलेले सगळे एका वाडग्यात काढायचे. आधी रिकामा वाडगा माझ्यावर ठेवून खालचा स्क्रू फिरवायचा, सुई शून्यावर आणायची, आणि मग उष्ट्याचे वजन त्या रुग्णाच्या नावापुढे वहीत लिहायचे. "ताटात काय वाढलं ते आपल्याला माहीत असतं," त्या म्हणत. "पोटात काय गेलं ते उष्टं सांगतं." खरे असेल. पण चिवडलेला भात, चावून टाकलेल्या शेंगा अंगावर घेताना मला वाटे, मी कुठे बर्फी तोलणार होतो आणि हे काय नशिबी आले! शेजारच्या चमच्यांना मी सांगत असे, की हे माझे खरे काम नव्हे.

अशी वर्षे गेली. माझा रंग उडाला, ताटलीला पोचा आला, पण सुई खरीच राहिली. आणि मग एके दिवशी खिडकीत मास्तर येऊन उभे राहिले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीमास्तर. पन्नाशी उलटलेले, सुजलेल्या पायांचे, पण नजर मोठी तेज. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. सुटका एकच होती. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना आपले एक मूत्रपिंड देणार होता. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या, तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार ठरला होता. अट एवढीच, की तोपर्यंत मास्तरांचे रक्त ताब्यात राहिले पाहिजे. ती जबाबदारी निम्मी यंत्राची आणि निम्मी आमच्या खोलीची.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी खिडकीतून हात घालून माझ्या तबकडीवरची धूळ पुसली. "पाच ग्रॅमची रेघ," ते म्हणाले. "आमच्या टेपवर पाव इंचाची असते. तेवढ्यानं कोट काखेत धरतो." मला हा माणूस तत्काळ आवडला.

धाकटा पोस्टमन होता. टपाल वाटून झाले की दुपारी भावाशेजारी येऊन बसायचा. दोघांची थट्टा माझ्यासमोरच चालायची.

"लहानपणी माझे कपडे आखूड झाले की हा घालायचा," मास्तर एकदा पथ्यबाईंना म्हणाले. "शर्ट माझा, चड्डी माझी, चपलासुद्धा माझ्याच."

"आता दादाची पाळी," धाकटा म्हणाला. "माझं वापरलेलं घे म्हणावं एकदा!"

मास्तर हसले, पण त्यांचे डोळे भरून आले. ते हळूच म्हणाले, "शिंप्याचा भाऊ असून याच्या अंगाला कधी याच्या मापाचं काही लागलं नाही. लोकांची लग्नं सजवली मी. याला आपलं, पुढच्या वर्षी शिवतो, पुढच्या वर्षी शिवतो." गुरुवारच्या आत धाकट्यासाठी एक कोट पुरा करायचा असे त्यांनी मनाशी घेतले होते. राखाडी कापड घरून कापून आणले होते. जेवणाच्या दालनातल्या उजेडात बसून ते हाताने टाके घालत. दुपारी माझ्या खिडकीतून ती सुई चमकताना दिसायची. माझी सुई आणि त्यांची सुई, दोन्ही कामात.

अडचण एकच होती. मास्तरांना जेवण जाईना. आमच्या फळ्यावर ताटांचे रकाने होते: 'गोडाचे', 'पातळ', 'मऊ' आणि 'अळणी'. अळणी रकान्यात तेव्हा तिघे होते, दोन हृदयाचे आणि एक मास्तर. मास्तरांची भाजी तर बिनमिठाची आणि वर उकळून पाणी ओतून दिलेली. मास्तरांचे उष्टे मी रोज तोलत होतो. एकशे चाळीस, एकशे पंचवीस, एकशे पन्नास. ताट जेमतेम अर्धे रिकामे होत होते.

"असं उपाशी राहिलात तर ऑपरेशनला ताकद कुठून येणार?" पथ्यबाई त्यांना रागवत.

"बाई, मी घास फिरवतो हो तोंडात," मास्तर म्हणत. "पण तो खाली उतरायचं नावच घेत नाही."

मामा भांडी घासता घासता ऐकत असत. त्यांचा चेहरा पडलेला असे. आयुष्यभर ज्याची ताटे चाटून-पुसून परत आली, त्याला भरलेले ताट परत येणे म्हणजे तोंडात मारल्यासारखे वाटणारच.

आणि मग चमत्कार झाला. एका मंगळवारी मास्तरांचे ताट परत आले, वाडग्यात काढले, आणि मी फक्त दहा दाखवले. बुधवारी शून्य. गुरुवारी पाच. पथ्यबाईंनी माझ्याकडे वाकून पुन्हा पाहिले, माझ्या काचेवर टिचकी मारली आणि त्यांना इतका आनंद झाला, की अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली.

"मामा, जेवले ते! काय केलंत?"

मामांनी मिठाची गुळणी धरली. नुसते हसले आणि ओला हात मिशीवरून फिरवला.

खरे सांगतो मित्रांनो, तेव्हा माझीही छाती फुगली होती. नऊ दिवस मी ते शून्य मिरवले. मोठ्या दिमाखात मी सुई जागच्या जागी धरून उभा राहत होतो. त्या शून्याकडे संशयाने बघावे, असे माझ्या पितळी डोक्यात एकदाही आले नाही.

दहाव्या दिवशी दुपारी मास्तर टाके घालता घालता थांबले. त्यांच्या बोटांतून सुई निसटून फरशीवर पडली. धाकट्याने उचलून दिली. पुन्हा पडली. "हातात जोरच नाही रे," मास्तर म्हणाले. "पायही शिशाचे झालेत." धाकट्याने धावत जाऊन डॉक्टरांना आणले. रक्त तपासायला गेले, आणि तासाभरात डॉक्टर आमच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात अहवालाचा कागद होता.

"पथ्यबाई, पोटॅशियम वाढून कुठल्या कुठे गेलंय. ताबडतोब यंत्रावर घेतोय. पण हे येतंय कुठून? नाही सापडलं तर पुढचा गुरुवार विसरा. अशा रक्तावर मी सुरी उचलणार नाही."

"ताट तर मोजून जातंय," पथ्यबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हा खटारा किती वर्षांचा आहे? बरोबर तरी दाखवतो का?"

मित्रांनो, मला लोक 'डबडे' म्हणाले ते मी हसण्यावारी नेले होते. पण त्या प्रश्नाने माझी स्प्रिंग आतून आवळली. मी भाजी कमी दाखवली असेल, तर ताटात जास्त गेली असेल. म्हणजे मास्तरांच्या रक्तातले ते विष मीच तोलून दिले असेल! पथ्यबाईंनी शिक्क्याचे अर्ध्या किलोचे वजन काढले आणि माझ्यावर ठेवले. पाचशे. मग मापाने एक लिटर पाणी घेऊन पातेल्यासकट चढवले, पातेले वजा केले. हजार. मग सगळे उचलले. माझी सुई परत आली आणि शून्यावर उभी राहिली.

पथ्यबाईच म्हणाल्या, "काटा खरा आहे. म्हणजे चूक आमची."

डॉक्टर गेले. पथ्यबाई स्टुलावर बसल्या, उष्ट्याची वही मांडीवर घेतली आणि रकान्यावरून पेन्सिल फिरवू लागल्या. मास्तरांचे पान. मग अळणीतल्या पहिल्या हृदयरोग्याचे पान. मग दुसऱ्याचे. पेन्सिल एका मंगळवारवर थांबली.

"मामा," त्या वर न बघता म्हणाल्या, "तिघांना एकाच दिवशी भूक कशी लागली?"

मामांचे हात तांदळाच्या पाण्यात होते. ते तिथेच थांबले.

"तिघंही अळणी. गोडाच्यांचं उष्टं जितकं होतं तितकंच आहे, मऊच्यांचंही तितकंच. फक्त अळणीच्या तिघांची ताटं एकदम रिकामी व्हायला लागली. त्या मंगळवारी तुम्ही काय केलंत?"

मामांनी हात पुसले. ॲप्रनच्या खिशातून एक लहानशी डबी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"मीठ नाही घातलं, आईशप्पथ," ते म्हणाले. "हे हलकं मीठ आहे. दुकानदार म्हणाला, ज्यांना मीठ बंद आहे त्यांच्यासाठीच असतं. मला त्यांची तोंडं बघवेनात हो बाई. चिमूटभरच घालत होतो."

पथ्यबाईंनी चष्मा चढवला आणि डबीच्या मागची मुंगीएवढी अक्षरे वाचली.

"मामा, या मिठातलं सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबाच्या काही माणसांना डॉक्टरांना विचारून चालतं. मूत्रपिंडाच्या माणसाला नाही. मास्तरांच्या बटाट्यातलं जे आपण उकळून-उकळून ओततो, तेच तुम्ही वरून परत घालत होतात."

मामा भिंतीला पाठ लावून खाली बसले.

पथ्यबाईंनी मग एक गोष्ट केली. नवीन डबीत दोनशे ग्रॅम मीठ असते. त्यांनी उरलेले एका वाटीत ओतले आणि वाटी वजा करून माझ्यावर ठेवले. मी एकशे वीस दाखवले. ऐंशी ग्रॅम गेले होते. एक चिमूट मला कधी दिसली नव्हती. नऊ दिवसांच्या, तीन ताटांच्या, दोन वेळच्या सगळ्या चिमटी मला एकदम दिसल्या. चिमटीएवढ्या गोष्टीत काय मोठेसे, असे म्हणणारा मी तो आकडा दाखवताना शरमेने थरथरत होतो.

"मला काढून टाका," मामा म्हणाले. "मी त्यांच्या जिवाशी खेळलो."

"तुम्हाला काढलं तर ताटं पुन्हा भरलेली परत येतील," पथ्यबाई म्हणाल्या. "चिमूट काढायची आहे मामा, माणूस नाही. आणि तुम्ही एकटे चुकला नाहीत. फळ्यावर तिघांना एकच शब्द कुणी लिहिला? मी. रिकामी ताटं बघून नाचलं कोण? तेही मीच." त्या उठल्या, फळ्यावरचा 'अळणी' हा शब्द ओल्या फडक्याने पुसला, आणि तिथे दोन वेगळे रकाने आखले: 'हृदय' आणि 'मूत्रपिंड'. दोन्ही बिनमिठाचेच, पण बिनमिठाची कारणे वेगळी. मग वही आणि डबी घेऊन, त्यांच्या न वाजणाऱ्या चपला पहिल्यांदाच वाजवत, डॉक्टरांकडे धावत गेल्या.

बाकी दोघांचेही रक्त लगेच तपासले, ते ठीक निघाले. मास्तरांना त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही यंत्रावर ठेवले. तिसऱ्या सकाळी अहवाल आला. आकडा खाली उतरला होता. डॉक्टर स्वतः सांगायला आले आणि जाताना माझ्या पोचा पडलेल्या ताटलीवर त्यांनी हात ठेवला. तोंडाने माफी मागितली नाही, पण मला तेवढे पुरले.

मामा मास्तरांच्या खाटेशी गेले होते. काय बोलणे झाले ते मला खिडकीतून ऐकू आले नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "मास्तर म्हणाले, मामा, आयुष्यात शेवटचं चवीचं जेवलो असतो तर तुमच्याच हातचं. आणि वर हसले," मामांनी सांगितले. "असं कुणी हसतं का हो?" त्या दिवसापासून मामांनी लसूण, भाजलेले जिरे, मिरपूड, लिंबाचे थेंब असे सगळे पथ्यबाईंना विचारून-विचारून जुळवले. मास्तरांचे उष्टे चाळीसवर आले. ते खरे चाळीस होते, आणि मला त्या खोट्या शून्यापेक्षा प्रिय होते.

गुरुवारी ऑपरेशन झाले. पहाटेच मास्तरांनी कोटाचे शेवटचे बटण लावले होते. धाकट्याने शस्त्रक्रियेच्या खोलीत जाण्याआधी रुग्णाच्या कपड्यांवरच तो चढवून पाहिला. मामा सांगत होते, खांद्यावर एक सुरकुती नव्हती.

त्यानंतर आमच्या खोलीत एक नवा काटा आला. सपाट, गुळगुळीत, हिरव्या आकड्यांचा. तो चिमूटसुद्धा मोजतो. मामांनी पहिल्याच दिवशी जिऱ्याची चिमूट त्याच्यावर टाकली, आकडा पाहिला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "घे रे बाबा, चिमूटही गेली माझी." मला वाईट वाटले का? मित्रांनो, खोटे कशाला बोलू, वाटले. पण जे मला दिसत नव्हते ते त्याला दिसते, आणि तिथे कुणाचा जीव असतो. अशा ठिकाणी जागा सोडण्यात कमीपणा नाही. पथ्यबाईंनी माझ्याकडे एकच काम ठेवले: उष्टे तोलण्याचे. एके काळी ज्याची मला लाज वाटायची, तेच काम मी आज मान वर करून करतो.

चार महिन्यांनी मास्तर तपासणीला आले. पायांची सूज गेली होती. बरोबर धाकटा होता, राखाडी कोट घालून. मास्तर खिडकीत आले, गळ्यातली टेप काढली आणि माझी मापे घेऊ लागले. आजवर मी सगळ्यांचे माप घेतले, माझे कुणी घेतले नव्हते.

"काय चाललंय, मास्तर?" पथ्यबाईंनी विचारले.

"खोळ शिवतोय याला. धूळ बसते फार." त्यांनी पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढला. राखाडी. कोटातून उरलेला. "उरलेल्यानंच जीव वाचवला माझा," ते म्हणाले. "म्हणून उरलेल्याचीच शिवतो."

तुमच्या घरातही कुणी पथ्यावर असेल. आजी, काका, शेजारी. त्यांच्या ताटात मायेने काही घालावेसे वाटले, तर आधी विचारा, अगदी चिमूटभर असले तरी. आणि ताट परत आले की धुण्याआधी एकदा त्यात बघा. भरलेले असेल तरी बघा, चाटून-पुसून रिकामे असेल तरी बघा. मी ते बघायला उशिरा शिकलो.

त्या दुपारी पथ्यबाईंनी दोघा भावांना आमच्याकडेच जेवायला बसवले. मास्तरांच्या ताटात आता थोडे खरे मीठ होते, नव्या काट्यावर मोजलेले. मामा खिडकीला नाक लावून उभे होते. ताटे परत आली. पथ्यबाईंनी वाडगा माझ्यावर ठेवला, सुई शून्यावर आणली, आणि आधी मास्तरांचे ताट त्यात उलटे केले, मग धाकट्याचे. भाताचे एक शीतही पडले नाही. त्यांनी वाकून तबकडीकडे पाहिले, आणि या खेपेला, ताटात काय-काय पडले ते मामांना पुरते विचारून घेतल्यावरच, वहीत दोन शून्ये लिहिली. माझी सुई तसूभरही हलली नव्हती. त्या तपासनिसाने पाहायला हवे होते. चोवीस वर्षांत इतक्या अभिमानाने मी शून्यावर कधी उभा राहिलो नव्हतो.